ग्रंथ सर्वांना वाचता यावेत: आयुर्वेदाच्या डिजिटल संग्रहांची सुगमता

आयुर्वेदाचे अध्ययन ही मुळात श्रवणाची परंपरा आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील तिसऱ्या अध्यायात शिष्याने पद, पाद आणि श्लोक या क्रमाने गुरुमुखातून पाठ कसा घ्यावा, याचे वर्णन आले आहे. गुरूने म्हणावे, शिष्याने ऐकावे व पुन्हा म्हणावे, असा हा क्रम. पुढे भूर्जपत्रे व ताडपत्रे आली, मग मुद्रणालये आली, आणि कानाने घ्यावयाची विद्या हळूहळू डोळ्यांनी घ्यावयाची विद्या झाली. आता ग्रंथ संगणकावर आले आहेत. संगणक मजकूर दाखवतो आणि वाचूनही दाखवतो. मात्र त्यासाठी ग्रंथ योग्य रीतीने संग्रहात ठेवलेला असावा लागतो. आज आयुर्वेदाचे जे डिजिटल साहित्य उपलब्ध आहे, त्यातील फार मोठा भाग अशा रीतीने ठेवलेला नाही. त्यामुळे दृष्टिहीन विद्यार्थी, दृष्टी मंदावलेले ज्येष्ठ वैद्य, श्रवणदोष असलेले अभ्यासक किंवा हातांच्या हालचालीला मर्यादा असलेले व्यावसायिक यांना ग्रंथालयाचे दार उघडे असूनही आत प्रवेश मिळत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार आपल्या शास्त्राच्या व व्यवसायाच्या दृष्टीने करण्याचे आम्ही योजिले आहे.

संग्रह वाढले, वाचक वाढले का?

गेल्या पंचवीस वर्षांत या क्षेत्रात झालेले काम लहान नाही. हळदीच्या व्रणरोपण गुणावर १९९५ साली अमेरिकेत दिले गेलेले पेटंट भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर १९९७ साली रद्द झाले. या प्रकरणातून बोध घेऊन २००१ साली पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले. २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशनची स्थापना झाली. हैदराबाद येथील राष्ट्रीय भारतीय आयुर्विज्ञान संपदा संस्थेने चरक, सुश्रुत, माधवनिदान व निघंटु शोधता येतील अशा स्वरूपात उपलब्ध करून दिले. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांसाठी ज्ञान भारतम् मिशनची घोषणा झाली.

महाराष्ट्रापुरते पाहिले तरी आपला वारसा मोठा आहे. मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादिलेली चक्रपाणिटीकेसह चरकसंहिता १९४१ साली प्रसिद्ध केली. आजही संदर्भ देताना आपण तीच प्रत पुढे करतो. पुण्याच्या आनंदाश्रमाने योगरत्नाकर, रसरत्नसमुच्चय, वृंदमाधव असे ग्रंथ आपल्या मालेत छापले. शंकर दाजी शास्त्री पदे यांनी मराठीत वैद्यकविषयक विपुल लेखन केले. यांपैकी अनेक ग्रंथांच्या प्रती आज इंटरनेटवर मिळतात. परंतु त्या बहुतांशी पृष्ठांच्या छायाचित्रांच्या स्वरूपात आहेत.

येथेच मुख्य अडचण आहे. सुश्रुताने प्रभाषणीय अध्यायात चंदनाचा भार वाहणाऱ्या गाढवाची उपमा दिली आहे, ती आपणांस परिचित आहेच. त्याला ओझे कळते, सुगंध कळत नाही. पृष्ठांची केवळ छायाचित्रे साठविलेल्या संगणकाची स्थिती तशीच असते. त्याच्याजवळ हजारो पृष्ठे असतात, पण त्यांतील एकही अक्षर त्याला अक्षर म्हणून ठाऊक नसते.

स्क्रीन रीडर म्हणजे काय?

दृष्टिहीन व्यक्ती संगणक वापरते ती ‘स्क्रीन रीडर’ या प्रकारच्या आज्ञावलीच्या साहाय्याने. पडद्यावरील मजकूर ती मोठ्याने वाचते, कोणती कळ दाबली ते सांगते, शीर्षकावरून शीर्षकावर नेते. जॉज ही आज्ञावली बरीच जुनी व महाग आहे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ साली एनव्हीडीए या विनामूल्य आज्ञावलीचे काम सुरू केले. आज ती जगभर वापरली जाते व मराठीतही वाचते. अँड्रॉइड भ्रमणध्वनीत टॉकबॅक व आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर ही सोय मुळातच दिलेली असते. ज्यांना बोटांनी वाचावयाचे असते त्यांच्यासाठी, १९५१ साली निश्चित झालेल्या भारती ब्रेल लिपीतील ठिपके उमटविणारे उपकरण संगणकाला जोडता येते.

आम्ही ही परीक्षा स्वतः करून पाहिली. संगणकाचा पडदा बंद केला, एनव्हीडीए सुरू केले आणि एका ग्रंथसंग्रहाच्या संकेतस्थळावर ज्वरचिकित्सेचा अध्याय शोधण्याचा प्रयत्न केला. मुखपृष्ठावरील सुंदर चित्रांच्या जागी ‘ग्राफिक’, ‘ग्राफिक’ एवढेच ऐकू आले. अनेक दुवे केवळ ‘येथे क्लिक करा’ असे बोलत होते. कोठे जाण्यासाठी, ते समजत नव्हते. महत्प्रयासाने ग्रंथ उघडला, तर आत दस्तऐवज रिकामा असल्याची सूचना मिळाली. पडदा सुरू करून पाहिले तेव्हा त्याच ठिकाणी सुवाच्य टंकातील चिकित्सास्थानाचे पृष्ठ समोर होते. डोळस माणसाला जेथे संपूर्ण अध्याय दिसत होता, तेथे ऐकणाऱ्याला काहीही मिळत नव्हते.

हा प्रश्न कोणाचा?

“आपल्याकडे दृष्टिहीन वैद्य असे कितीसे आहेत?” हा प्रश्न सहज विचारला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांपैकी दृष्टिदोष असलेल्या सुमारे ५० लाख, श्रवणदोष असलेल्या सुमारे ५१ लाख आणि हालचालीचा दोष असलेल्या सुमारे ५४ लाख होत्या. एकट्या महाराष्ट्रात ही संख्या सुमारे २९.६ लाख होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने पूर्वीच्या ७ प्रकारांऐवजी २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाला मान्यता दिली, आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद केली. म्हणजे हे विद्यार्थी आपल्या महाविद्यालयांत येणार आहेत. त्यांनी ग्रंथालयात वाचावे तरी काय, याचे उत्तर आपणच द्यावयास हवे.

दुसरी गोष्ट अधिक जवळची आहे. तिमिर प्रथम पटलापासून पुढील पटलांत कसे जाते आणि अखेरीस लिंगनाश कसा होतो, हे आपण उत्तरतंत्रात शिकलो आहोत. ते केवळ रुग्णांच्याच बाबतीत घडते असे नाही. मोतिबिंदू, काचबिंदू, मधुमेहजन्य दृष्टिविकार हे वैद्यांनाही होतात. चाळीस-पन्नास वर्षे रुग्णसेवा करून ज्यांच्याजवळ नाडीपरीक्षेचा व औषधनिर्मितीचा अमोल अनुभव साठला आहे, असे ज्येष्ठ वैद्य दृष्टी गेल्यामुळे ग्रंथापासून दुरावतात. त्यांच्या मुखोद्गत पाठाला पुन्हा ग्रंथाचा आधार देता येत नाही, नव्या संशोधनाची वार्ता त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि तद्विद्यसंभाषेत त्यांचा सहभाग कमी होत जातो. चरकाने विमानस्थानात अध्ययन, अध्यापन व तद्विद्यसंभाषा हे ज्ञानाचे तीन उपाय सांगितले. ग्रंथ दुर्गम झाला की हे तीनही उपाय खुंटतात. हा तोटा त्या एका वैद्याचा नाही, संपूर्ण संप्रदायाचा आहे.

सुगमतेचे चार पाद

चिकित्सेचे चार पाद आपणांस नवे नाहीत: वैद्य, द्रव्य, उपस्थाता व रोगी. एकही पाद उणा असेल तर चिकित्सा लंगडी पडते. संकेतस्थळांच्या सुगमतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांची मांडणीही योगायोगाने चार तत्त्वांवर झाली आहे. या निकषांची पहिली आवृत्ती १९९९ साली निघाली. चार तत्त्वे २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. २०१८ व २०२३ साली त्यांत भर पडली. ही तत्त्वे अशी:

१. मजकूर इंद्रियगम्य असावा. जे दिसते ते ऐकताही यावे, जे ऐकू येते ते वाचताही यावे.
२. तो हाताळता यावा. केवळ माऊसवर अवलंबून न राहता कळफलकानेही सर्व कामे करता यावीत.
३. तो समजण्याजोगा असावा. भाषा, मांडणी व सूचना स्पष्ट असाव्यात.
४. तो टिकाऊ असावा. आजच्या व उद्याच्या विविध उपकरणांना तो वाचता यावा.

या तत्त्वांचा आयुर्वेदाच्या ग्रंथसंग्रहाशी प्रत्यक्ष संबंध कसा येतो, ते आता क्रमाने पाहू.

लिपीचा आणि टंकाचा प्रश्न

पृष्ठाच्या छायाचित्रावरून अक्षरे ओळखण्याचे तंत्र, म्हणजे ओसीआर, आता देवनागरीसाठीही उपलब्ध आहे. परंतु जुन्या छपाईतील जोडाक्षरे, पुसट शिरोरेषा व डागाळलेला कागद यांमुळे त्यात चुका राहतात. ‘घ’ व ‘ध’, ‘म’ व ‘भ’, ‘ख’ व ‘रव’ यांची गल्लत होते. साहित्यिक ग्रंथात अशी चूक रसभंग करते. वैद्यकीय ग्रंथात ती अपाय करू शकते. ‘१’ च्या जागी ‘९’ वाचला गेला तर मात्रा नऊपट होते. आयुर्वेदीय फॉर्म्युलरी ऑफ इंडियाच्या मानाप्रमाणे १ रत्ती म्हणजे १२५ मिलिग्रॅम, १ कर्ष म्हणजे १२ ग्रॅम व १ पल म्हणजे ४८ ग्रॅम. डोळस वाचक संशय आल्यास मूळ छायाचित्राकडे पाहतो. ऐकणाऱ्याला ती सोय नसते. यंत्र जे बोलेल तेच त्याच्यासाठी ग्रंथवचन. वत्सनाभ, भल्लातक, कुपीलु यांसारख्या द्रव्यांच्या योगात ही गोष्ट किती गंभीर आहे, हे वेगळे सांगावयास नको. म्हणून ओसीआर केलेला मजकूर तज्ज्ञाने मूळ प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय प्रसिद्ध करू नये, आणि ताडणी झाली आहे की नाही हे त्या पृष्ठावर स्पष्ट लिहावे.

दुसरी अडचण जुन्या टंकांची. श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव, शिवाजी अशा टंकांनी मराठी मुद्रण सुलभ केले, हे उपकार मान्यच केले पाहिजेत. मात्र त्या काळच्या टंकांत देवनागरीचे आकार बहुधा रोमन अक्षरांच्या संकेतस्थानांवर बसविलेले असत. पडद्यावर ‘हरीतकी’ दिसली तरी संगणकाच्या आत रोमन अक्षरांची निरर्थक जुळणी असते, आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. आपल्या अनेक नियतकालिकांचे व पाठ्यपुस्तकांचे मजकूर आजही अशा धारिकांत अडकलेले आहेत. ते युनिकोडमध्ये रूपांतरित केल्यावाचून ऐकताही येणार नाहीत व शोधताही येणार नाहीत. रूपांतराची साधने मिळतात. त्यानंतर मुद्रितशोधन मात्र माणसानेच करावे लागते.

युनिकोडमध्येही शुद्धीची गरज संपत नाही. संस्कृत टंकलेखनात विसर्गाच्या जागी विरामचिन्हातील अपूर्णविराम टंकित करण्याची सवय सर्वत्र आढळते. दोन्ही चिन्हे दिसावयास सारखी. परंतु यंत्राच्या लेखी ‘वातः’ मधील विसर्ग हा वर्ण आहे, तर अपूर्णविराम हे केवळ थांबण्याचे चिन्ह. परिणामी उच्चार बदलतो आणि शोधही फसतो. अवग्रहाच्या जागी इंग्रजी ‘एस’, दंडाच्या जागी उभी रेघ, हेही तसेच. ‘पंचकर्म’ व ‘पञ्चकर्म’ हे एकाच शब्दाचे दोन लेखनप्रकार संगणकाला दोन भिन्न शब्द वाटतात. संग्रहाच्या शोधयंत्रणेने दोन्ही रूपे एकत्र धरली पाहिजेत. त्याचप्रमाणे कोणता परिच्छेद संस्कृत, कोणता मराठी व कोणता इंग्रजी, हे पृष्ठाच्या आतील संकेतात नोंदवावे. त्यावरून स्क्रीन रीडर योग्य भाषेचा आवाज निवडतो. अन्यथा मराठी भाष्य इंग्रजी उच्चारात ऐकण्याची वेळ येते.

स्थान, अध्याय, श्लोक: मांडणीचे महत्त्व

आपले ग्रंथकार मांडणीच्या बाबतीत अत्यंत काटेकोर होते. चरकाची ८ स्थाने व १२० अध्याय, सुश्रुताची पाच स्थाने व त्यापुढे उत्तरतंत्राचे ६६ अध्याय, अष्टांगहृदयाची ६ स्थाने व १२० अध्याय. प्रत्येक ग्रंथाला आपला सांगाडा आहे. संकेतस्थळ तयार करताना मात्र बहुधा अध्यायाचे नाव केवळ ठळक व मोठ्या अक्षरात लिहिले जाते. डोळ्यांना ते शीर्षक दिसते, यंत्राला ते इतर ओळींसारखेच वाटते. ते ‘शीर्षक’ म्हणून चिन्हांकित केले, तर दृष्टिहीन वाचक एका कळीने स्थानावरून स्थानावर व अध्यायावरून अध्यायावर जाऊ शकतो. अन्यथा त्याला सूत्रस्थानाच्या आरंभापासून ऐकत ऐकत सिद्धिस्थानापर्यंत यावे लागेल.

निघंटूंच्या तक्त्यांचेही तसेच. रस, गुण, वीर्य, विपाक, कर्म हे स्तंभ आणि प्रत्येक ओळीत एक द्रव्य, अशी मांडणी आपल्याला सवयीची आहे. स्तंभांची शीर्षके यंत्राला कळतील अशी दिलेली असतील, तर ‘वीर्य: उष्ण, विपाक: मधुर’ असे ऐकू येते. तक्ता चित्ररूप असेल, तर काहीच ऐकू येत नाही. मोकळ्या जागा सोडून ओळी जुळविलेल्या असतील, तर ‘उष्ण मधुर शीत कटु’ अशी सरमिसळ कानावर पडते, आणि कोणत्या द्रव्याचे काय हे समजत नाही.

वनस्पतींची छायाचित्रे हा तर द्रव्यगुणाचा प्राण. त्यांना जोडून शब्दवर्णन दिले पाहिजे. ‘छायाचित्र ४३’ हे वर्णन नव्हे. ‘गुळवेल: हृदयाकृती, एकाआड एक पाने, खोडावरून लोंबणारी हवाई मुळे’ हे वर्णन. २०२२ साली आयुष मंत्रालयाने गुडूचीशी साधर्म्य असलेल्या टिनोस्पोरा क्रिस्पा या वनस्पतीबाबत सावध केले होते. दोहोंतील भेद छायाचित्रातच दाखवून थांबले, तर ज्याला दिसत नाही त्याला तो कळणार नाही. क्रिस्पाच्या खोडातून दुधी स्राव येतो, गुळवेलीच्या येत नाही. असा भेद शब्दांत लिहिला, तर तो सर्वांनाच उपयोगी पडतो. वर्णनपर लेखनाने डोळस विद्यार्थ्याचे निरीक्षणही सुधारते, हा अध्यापनातील नित्याचा अनुभव आहे.

रंग, ध्वनी आणि हात

प्राचीनतेचा आभास निर्माण करण्यासाठी आपल्या संकेतस्थळांवर ताडपत्राच्या रंगाची पार्श्वभूमी व तिच्यावर तपकिरी अक्षरे योजण्याची प्रथा पडली आहे. दिसावयास ते सुंदर. मंददृष्टीच्या वाचकाला मात्र अक्षर आणि पार्श्वभूमी एकजीव भासतात. निकष असा की सामान्य आकाराच्या अक्षरांसाठी हा उजेडाचा भेद किमान ४.५ : १ असावा, मोठ्या अक्षरांसाठी ३ : १. तसेच अक्षरे २०० टक्के मोठी केली तरी मजकूर तुटू नये. केवळ रंगावर अर्थ अवलंबून ठेवू नये. विषारी द्रव्ये लाल व निर्विष हिरवी अशी खूण करणाऱ्याने सोबत ‘विषवर्ग’ हा शब्दही लिहावा, कारण लाल-हिरव्यातील भेद न दिसणारे पुष्कळ जण असतात.

पंचकर्माची प्रात्यक्षिके व ज्येष्ठ वैद्यांची व्याख्याने आता ध्वनिचित्रफितींच्या रूपाने जतन होत आहेत. शिरोधारेच्या फितीत निवेदक धारेची उंची व कालावधी केवळ बोलून सांगत असेल, तर कर्णबधिर विद्यार्थ्याला हात दिसतात, मात्रा कळत नाही. म्हणून पडद्याखाली मथळे असावेत आणि संपूर्ण निवेदन लेखी स्वरूपातही द्यावे. हे लेखी निवेदन पुढे शोधता येते, उद्धृत करता येते. म्हणजे संग्रहाचे मोलही वाढते.

पक्षाघात, आमवात किंवा कंपवात यांमुळे ज्यांचे हात स्थिर राहत नाहीत, त्यांना माऊसने लहानशा चिन्हावर नेम धरणे अवघड जाते. ताज्या निकषांनुसार स्पर्शस्थान किमान २४ बाय २४ पिक्सेल असावे. वाकडीतिकडी अक्षरे ओळखून लिहावयास लावणारी कॅप्चा ही परीक्षा दृष्टिहीनाला ग्रंथाच्या दारातूनच परत पाठविते. तिला सुलभ पर्याय असलाच पाहिजे.

कायदा काय म्हणतो?

हे सर्व सौजन्यापोटी करावयाचे असते, असा समज असेल तर तो दूर व्हावा. भारताने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००७ साली अनुसमर्थित केला. २०१६ च्या अधिनियमाच्या ४२ व्या कलमात इलेक्ट्रॉनिक माध्यमातील मजकूर सुगम स्वरूपात उपलब्ध असण्याविषयी तरतूद आहे. २०१७ च्या नियमांत संकेतस्थळांवरील दस्तऐवज ईपब किंवा ओसीआरयुक्त पीडीएफ स्वरूपात असावेत असे नमूद होते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केवळ शिफारसवजा मार्गदर्शक सूचनांवर विसंबणारा १५ वा नियम अधिनियमाशी विसंगत ठरविला व बंधनकारक निकष करण्याचा आदेश केंद्र शासनास दिला. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल साधनांपर्यंत पोहोच हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा अंगभूत भाग आहे, असे त्याच न्यायालयाने सांगितले.

प्रकाशकांच्या स्वामित्व हक्काची शंका काही जण घेतात. मूळ संहितांवर कोणाचाही स्वामित्व हक्क नाही. आधुनिक भाष्ये व अनुवाद यांवर मात्र लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षेपर्यंत तो असतो. तथापि २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तींसाठी विनानफा तत्त्वावर सुगम प्रत तयार करण्यास कायद्यानेच मुभा दिली आहे. याच हेतूने झालेल्या २०१३ च्या मराकेश कराराचे अनुसमर्थन करणारा भारत हा जगातील पहिला देश होय. ते २०१४ साली झाले. २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय अशा प्रती उपलब्ध करून देत आहे. आयुर्वेदाच्या पाठ्यपुस्तकांना तेथे मानाचे स्थान मिळवून देणे आपल्या हाती आहे.

औषधनिर्मात्यांनी व विक्रेत्यांनी का लक्ष द्यावे?

आयुर्वेदीय औषधाचा परवाना मागताना औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीतील प्रमाण ग्रंथांचा आधार द्यावा लागतो. म्हणजे ग्रंथसंग्रह हे आपल्या व्यवसायाचेही साधन आहे. ते नीट शोधता आले, तर संदर्भ अचूक देता येतात. स्क्रीन रीडरसाठी केलेली शुद्ध अक्षरे, अध्यायांची चिन्हांकित शीर्षके व तक्त्यांची योग्य मांडणी हीच शोधयंत्रालाही उपयोगी पडते. दिव्यांगांसाठी केलेली सोय अशी सर्वांच्या उपयोगी येते. जिन्याशेजारच्या उतारावरून जशी चाकाची खुर्ची जाते तशीच औषधांची हातगाडीही जाते.

शिवाय अनेक औषधालयांची आता स्वतःची संकेतस्थळे आहेत. अनुसूची ई(१) मधील द्रव्ये असलेल्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. वेष्टनाचे केवळ छायाचित्र संकेतस्थळावर लावले, तर दृष्टिहीन ग्राहकाला ती सूचना ऐकू येत नाही; किंमत व ‘खरेदी करा’ एवढेच ऐकू येते. अनुपान, मात्रा, पथ्यापथ्य व सावधगिरी हा मजकूर अक्षररूपाने देणे हे ग्राहकहिताचे आहे आणि विक्रेत्याच्याही हिताचे आहे.

आपण काय करावे?

आपल्या संघटनेच्या जुन्या अंकांचा डिजिटल संग्रह करावा, अशी सूचना सभासदांकडून वारंवार येते. सूचना स्वागतार्ह आहे. अंक छायांकित करून संकेतस्थळावर ठेवणे हा त्यातील सर्वांत स्वस्त मार्ग, आणि बहुतेक ठिकाणी तोच स्वीकारला जातो. आमचे स्पष्ट मत असे की आपण तेथे थांबू नये. एकदा ‘काम झाले’ असे जाहीर झाले की पुन्हा निधी व उत्साह मिळत नाही, आणि चित्ररूप पृष्ठे कायमची चित्ररूपच राहतात. मागाहून दुरुस्ती करण्यापेक्षा प्रारंभीच नीट करणे कमी श्रमाचे असते. निदानाच्या बाबतीत आपण जो नियम पाळतो, तोच येथे लागू आहे.

यासाठी पुढील क्रम सुचवावासा वाटतो.

१. प्रत्येक अंकाचे छायाचित्र व त्याचा युनिकोड मजकूर एकत्र ठेवावा. छायाचित्र पुराव्यासाठी, मजकूर वाचनासाठी.
२. ज्या लेखांत औषधी योग व मात्रा आहेत, ते लेख प्रथम घ्यावेत व त्यांची ताडणी दोन वैद्यांनी स्वतंत्रपणे करावी.
३. त्रैमासिकाच्या पंचवीस वर्षांचे शंभर अंक होतात. शंभर सभासदांनी प्रत्येकी एका अंकाचे मुद्रितशोधन अंगावर घेतले, तर हे काम आवाक्यातील आहे. महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना यात सहभागी करून घ्यावे. त्यांचेही वाचन होईल.
४. संकेतस्थळ बनविणाऱ्याशी करार करतानाच सुगमतेचे निकष लेखी नमूद करावेत. शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे व भारतीय मानक आयएस १७८०२ हे यासाठी आधार म्हणून घेता येतील.
५. काम स्वीकारण्यापूर्वी दृष्टिहीन, मंददृष्टी व श्रवणदोष असलेल्या प्रत्यक्ष वापरकर्त्यांकडून त्याची परीक्षा करवून घ्यावी आणि त्यांना त्याचे योग्य मानधन द्यावे. यांत्रिक तपासणीने सर्व दोष सापडत नाहीत. आप्तोपदेश व अनुमान यांच्या जोडीला प्रत्यक्ष हवेच.
६. अडचण कळविण्यासाठी संकेतस्थळावर दूरध्वनी व पत्ता ठळकपणे द्यावा आणि आलेल्या प्रत्येक तक्रारीस ठरावीक मुदतीत उत्तर द्यावे.

यासाठी खर्च येईल, हे खरे. परंतु एखादा ग्रंथ छापताना आपण कागद, बांधणी व मुद्रितशोधन यांचा खर्च धरतोच. सुगमतेचा खर्च हा त्यातलाच एक भाग मानावा. आगामी वार्षिक सभेत अंकसंग्रहाचा विषय निघेल, तेव्हा किती पृष्ठे छायांकित झाली एवढेच न विचारता, किती पृष्ठे ऐकता येतात हेही सभासदांनी विचारावे. मुद्रितशोधनासाठी अंक घेऊ इच्छिणाऱ्या वैद्यबंधू-भगिनींनी व औषधालयांच्या संचालकांनी आपली नावे संघटनेच्या कार्यालयाकडे अवश्य नोंदवावीत, ही नम्र विनंती.